मोकळी पश्चिम

कोल्हापूरचा समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे आहे. गगनबावड्याचा रस्ता रंकाळ्याला वळसा घालून फुलेवाडीकडे जातो, पुढे घाट उतरला की कोकण. पण रविवारी पोरांना चौपाटीवर न्यायचं म्हटलं, तर कोल्हापुरात कुणी घाट उतरत नाही. रंकाळ्याचा काठ हीच आमची चौपाटी. भेळ तिथं, भाजलेलं कणीस तिथं, रुसवा काढायचा तोही तिथंच. समुद्र नसलेल्या गावालाही दिवस मावळताना बघायला एक मोकळी बाजू लागते. आम्हाला ती या तळ्यानं दिली.

पौषातल्या एखाद्या लख्ख दिवशी हे सगळ्यात चांगलं कळतं. पहाटे रंकाळ्याच्या टॉवरपाशी पाण्यावर वाफ तरंगत असते. रात्रीत हवा गारठते, पाणी मात्र दिवसाची ऊब इतक्या लवकर सोडत नाही. त्याच्या अंगावरची ओली हवा गारव्यात शिरली की धुकं होतं. त्या धुक्यात कानटोप्या आणि मफलर झपाझप चालत असतात. चालणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण माझी वेळ त्यांच्यानंतरची, ऊन चांगलं अंगावर आल्यावरची. थंडीतलं हे ऊन अंगाला झोंबत नाही, हळूहळू मुरतं. काठानं सावकाश चालावं, दगड तापला असेल तिथं बसावं, पाणकावळा पंख पसरून वाळवत असतो तिकडं बघत राहावं.

या दिवसांत काठावर हरभऱ्याचे डहाळे येतात. एक मावशी पोत्यावर पेंड्या मांडून बसलेल्या असतात. ‘केवढ्याला पेंडी, मावशी?’ विचारलं तर आधी पेंडी हातात देतात. ‘खाऊन बघ की, उनात बसून. पैसं काय पळून चाललंय व्हय?’ मग घाटा फोडायचा. कोवळा असेल तर आतला दाणा पोपटी, चोच असलेला. दाण्यापेक्षा मला हवी असते ती घाट्यावरची आंब. ती बोटांना चिकटते, ओठांना लागते, आंबट-खारट चव मागं ठेवते. समुद्राचं खारं वारं इथं नाही, पण थंडीत ओठांवर एवढा खारटपणा येतोच.

पाण्याच्या पोटात काय आहे याच्या गोष्टी गावाला तोंडपाठ. इथं पूर्वी दगडाची खाण होती, अंबाबाईच्या देवळाचा दगड इथलाच, मग भूकंपात झरे फुटले आणि खाणीचं तळं झालं, असं सांगतात. त्यातला इतिहास किती हे तज्ज्ञांनी ठरवावं. पण रंकाळ्याला खेटून असलेल्या पाण्याला आजही इराणी खण म्हणतात, आणि तिच्या कडेला उभं राहिलं की ही गोष्ट पटायला लागते. पाणी ओसरलं की काळ्या दगडाचा संध्यामठ उघडा पडतो. काठावरच्या नंदीची कथा तर प्रत्येक आजीनं सांगितलेली : तो रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो, आणि ज्या दिवशी तळ्यात पोहोचेल त्या दिवशी जग बुडेल. लहानपणी मी गहू आणि तांदूळ शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक बघत असे. पलीकडचा शालिनी पॅलेस त्या मानानं कालचा, 1934 साली पुरा झालेला. पण त्याच्या मनोऱ्याशिवाय हा काठ आता कुणाला आठवायचा नाही.

कोल्हापूर हे तळ्यांचं गाव होतं हे मात्र नव्या मुलांना मुद्दाम सांगावं लागतं. आपण कपिलतीर्थ मंडईत भाजी घेतो तिथं तळं होतं. सभा गाजतात ते गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. शाहू स्टेडियममध्ये फुटबॉलसाठी गळा फोडून ओरडतो, ती जागा रावणेश्वराच्या तळ्याची. एकेक तळं बुजलं, त्याचं मैदान झालं, बाजार झाला. ते गावाच्या उपयोगी पडलं, हे नाकारत नाही. पण तळं बुजलं की नुसतं पाणी जात नाही, पाण्यावरचं आभाळही जातं.

त्या आभाळाची खरी गरज कुणाला आहे ते किरणोत्सवात दिसतं. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, असे वर्षातून दोनदा मावळतीचे किरण देवळाच्या महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांवर, मग वर चढत, शेवटच्या दिवशी मुखावर. या तारखा मनानं धरलेल्या नाहीत. डिसेंबरच्या 21-22 तारखेला सूर्य दक्षिणेच्या टोकाला जातो. त्याच्या सुमारे सहा आठवडे आधी जाताना आणि तेवढेच दिवस नंतर परतताना तो क्षितिजावर एकाच ठिकाणी मावळतो, आणि देवळाचा रोख त्या ठिकाणाकडं आहे. किरणं येतात ती रंकाळ्याच्या बाजूनं, ताराबाई रोडवरून. म्हणजे हे सगळे थंडीचे दिवस दोन किरणोत्सवांच्या मधले. पूर्वेच्या काठावर बसलं की सूर्य उन्हाळ्यापेक्षा बराच डावीकडं उतरताना दिसतो.

आता त्या वाटेत इमारती उभ्या राहिल्या आहेत. कधी ढग, कधी धूळ, कधी कुणाची वाढीव भिंत, आणि किरणं मध्येच अडतात. ‘आज कुठवर आली?’ हा प्रश्न त्या तीन दिवसांत चहाच्या गाड्यावरही ऐकू येतो. तळ्याचंही तसंच. नाल्यांचं सांडपाणी येत राहिलं, केंदाळ माजलं, पाणी हिरवंगार होऊन वास सुटला, तेव्हा याच काठावर माणसं जमली, भांडली, हातांनी केंदाळ ओढून काढलं. विसर्जनाच्या मूर्ती तळ्याऐवजी इराणी खणीत सोडायला शिकलं गाव. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण बाकीची तळी गेली तेव्हा अशी भांडणारी माणसं पुरेशी नव्हती.

काम संपलेलं नाही. नाल्याचं पाणी तळ्याबाहेरच वळवायला हवं, तेही बारा महिने; आणि पश्चिमेला आता एकही मजला उंच चढू नये. डहाळेवाल्या मावशींना विचारलं, पाणी कसं वाटतंय यंदा? त्या म्हणाल्या, ‘वास न्हाई, म्हणून तर बसलोय हितं.’