कोंबडी लंगडते? आधी पाय उलटा करून बघा



आज भात नाही, चिकू नाही. आज कोंबडीच्या पायाबद्दल लिहितोय. विषय छोटा वाटेल, पण यात माझी एक चूक आहे आणि तीच सांगायची आहे.

आमच्या घरी सात गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा. विकायला नाहीत. अंडी घरात खाल्ली जातात, पाहुणा आला तर एखादी कमी होते. पण त्यातल्या दोन, टिपकी आणि भुरी, या माझ्या पोरीच्या. पिल्लं असल्यापासून तिने वाढवल्या, त्यांना कापायचं नाही असा घरात ठराव झालेला.

गेल्या पावसाळ्यात, लावणी आटोपली त्या आठवड्यात, दोघीही लंगडायला लागल्या. टिपकी दोन्ही पायांनी जड चालायची, चालता चालता थांबून स्वतःच्याच पायाला चोच मारायची. भुरी एक पाय वर धरून उभी राहायची. शेजारच्या काकी म्हणाल्या, "वात आलाय, कापून टाका, नाहीतर फुकट जाईल." आई म्हणाली, "पायाला रॉकेल लाव, पूर्वी तेच लावायचे."

मी टिपकीचे पाय बघितले. नडगीवरचे खवले वर उचललेले, मध्ये पांढरी, पिठासारखी पापडी साचलेली, पाय जाड झालेले. म्हटलं, ही पायाची खरूज. भुरी पण लंगडते म्हणजे तिलाही तेच. दोघींचे पाय रॉकेलमध्ये बुडवले. वर टिपकीचे उचललेले खवले नखाने ओढून काढले. रक्त आलं. मला वाटलं, मुळापासून साफ झालं.

आठ दिवसांत टिपकीचे पाय लालभडक झाले, कातडी भाजल्यासारखी. भुरी तर खाली बसूनच राहिली. मग दोघींना डालग्यात घातलं आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी टिपकीला बघितलं आणि मान हलवली. मग भुरीला हातात घेऊन पहिलं काम केलं ते म्हणजे तिचा पाय उलटा केला. तळव्याच्या मधोमध काळी, गोल खपली, भोवरीसारखी. आजूबाजूला सूज, गरम. "हे बघितलं होतं का?" त्यांनी विचारलं. मी वरून नडगी बघितली होती. तळवा नाही.

एकाच आठवड्यात, एकाच खुराड्यात दोन कोंबड्या लंगडत होत्या आणि दोघींचे आजार वेगळे होते. लंगडणं हा आजार नाही, ती खूण आहे. हे आपण भाताच्या बाबतीत बरोबर ओळखतो. पान पिवळं पडलं की लगेच युरिया फेकत नाही, आधी बघतो की पाणी साचलंय, खोडकिडा आहे की खत कमी आहे. कोंबडीच्या बाबतीत मात्र मी थेट रॉकेलची बाटली काढली.

टिपकीचा आजार: खवल्यांखालची कीड

मिरचीवरचा कोळी आपल्याला माहीत आहे. ही कोंबडीच्या पायातली कीडही कोळी वर्गातलीच. शास्त्रीय नाव नेमिडोकॉप्टिस म्युटन्स. आकाराने अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही लहान, डोळ्याला दिसत नाही. ती खवल्यांच्या खाली शिरून कातडीत बोगदे करते. तिथेच पिल्लं, तिथेच सगळा जन्म. तिच्या खोदकामामुळे जो भुसा आणि पापडी साचते, त्याने खवले वर उचलले जातात. दुर्लक्ष केलं तर पाय वेडावाकडा होतो, बोट गळूनही पडतं. वयस्कर पक्ष्यांत जास्त दिसते. पसरते हळूहळू, एकमेकींना चिकटून बसल्यामुळे. आमच्याकडे ती बहुतेक बाजारातून आणलेल्या कोंबड्याबरोबर आली. आणला त्याच दिवशी मी त्याला इतरांत सोडला होता. आता त्याचे पाय बघितले तर त्याच्याही खवल्यांत पापडी होती.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं, आणि मी तसंच केलं:

१. कोमट पाणी, हाताला सोसेल एवढंच. त्यात साधा साबण. पाय १०-१५ मिनिटं बुडवून ठेवायचे. संध्याकाळी केलं तर कोंबडी शांत असते, टॉवेलमध्ये गुंडाळली की धडपडत नाही.

२. जुन्या मऊ दातब्रशने, खवल्यांच्या दिशेने, वरून खाली हलकेच घासायचं. जे आपोआप सुटेल तेवढंच काढायचं. ओढायचं नाही. खालची कातडी जिवंत असते.

३. पाय कोरडा करून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन भरपूर चोळायचं, खवल्यांच्या फटीत जाईल असं. तेलाने किडीचा श्वास कोंडतो आणि पापडी मऊ पडते. गंधकाचं १० टक्क्यांचं औषधही चालतं.

४. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. एकदा लावून सोडलं तर खोल बसलेली कीड पुन्हा वाढते. मी सहा आठवडे केलं.

५. एकीला झालं तरी सगळ्यांना, त्याच दिवशी.

अंड्यावर बसलेली खुडूक असेल तर तिच्या पायाला तेल लावू नका. तेल अंड्याला लागलं की कवचाची बारीक छिद्रं बुजतात आणि आतलं पिल्लू गुदमरतं.

रॉकेल आणि जळकं इंजिन ऑइल यांचं नाव काढू नका. कीड मरतही असेल, पण कातडी भाजते. टिपकीला किडीचा त्रास होता त्याहून जास्त माझ्या औषधाचा झाला.

आयव्हरमेक्टिनबद्दल

आपल्यातले बरेच जण बैलाच्या गोचिडासाठी आणलेल्या इंजेक्शनच्या बाटलीतून कोंबडीला अंदाजे थेंब देतात. हा हिशोब बघा. औषधाचं प्रमाण साधारण एक किलो वजनाला ०.२ मिलिग्रॅम धरतात. कोंबडी दीड किलोची म्हणजे ०.३ मिलिग्रॅम. १ टक्क्याच्या बाटलीत एका मिलीमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे कोंबडीला लागतं फक्त ०.०३ मिली. पूर्ण थेंबही नाही. साध्या सिरिंजने हे मोजताच येत नाही, आणि 'थोडंसं' म्हणत अर्धा मिली दिलं तर ते पंधरापटीहून जास्त होतं. हा हिशोब घरी डोस द्यायला लिहिलेला नाही, चूक किती सोपी आहे ते दाखवायला लिहिलाय. वजन करा, डॉक्टरांकडूनच घ्या. आणि अंडी किती दिवस खायची नाहीत ते विचारून या. आम्ही तेवढे दिवस अंडी खड्ड्यात पुरली. आईला ते फार लागलं, पण पुरली.

भुरीचा आजार: तळव्याचा फोड

तळव्याला काटा, खडा किंवा चीर लागते, त्यातून जंतू आत जातात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस. आत पू होतो, तो पातळ राहत नाही, चीजसारखा घट्ट गोळा होतो. वरून काळी खपली. उंचावरून दगडावर उड्या मारणाऱ्या आणि ओल्या, घाणेरड्या जमिनीवर राहणाऱ्या कोंबड्यांना जास्त होतो. पावसाळ्यात आपल्याकडची खुराडी कशी असतात ते मी वेगळं सांगायला नको.

लवकर लक्षात आला तर कोमट मिठाच्या पाण्यात शेकणं, पोव्हिडोन आयोडीन, पट्टी आणि कोरडा पेंढा एवढ्याने बऱ्याचदा भागतं. गोळा मोठा असेल तर डॉक्टर चीर देऊन काढतात आणि प्रतिजैविक देतात. घरी ब्लेड चालवू नका. आणि हात साबणाने धुवा. टिपकीची कीड माणसाच्या अंगात घर करत नाही, पण हे जंतू आपल्या जखमेतही जाऊ शकतात.

भुरीच्या गोळ्यातून अर्धा इंच काटा निघाला. बोरीचा. वाफ्यात कोंबड्या शिरू नयेत म्हणून कुंपणाला बोरीच्या फांद्या मीच लावल्या होत्या. तोपर्यंत सूज सांध्यापर्यंत चढली होती. आठ दिवस आधी आणली असती तर, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. पाचव्या दिवशी भुरी गेली.

पोरगी रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "बाबा, काटा दिसत नव्हता का?" मी म्हटलं, "मी बघितलाच नाही."

आणखी काय असू शकतं

एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेली तरुण कोंबडी असेल तर मरेक्स असू शकतो, त्याला इलाज नाही. मान वाकडी, हिरवी हगवण आणि पाय लुळे असतील तर मानमोडी असू शकते. त्या पक्ष्याला वेगळं करा आणि त्याच दिवशी दवाखान्यात कळवा, कारण ती सगळ्या पाड्यात पसरते. पिल्लांची बोटं आत मुडपत असतील तर बी-२ जीवनसत्त्व कमी पडतंय का बघा. यातल्या एकालाही तेल लावून उपयोग नाही.

घरात काय बदललं

खुराड्यातली जुनी, चिरा पडलेली बांबूची दांडी जाळली. नवी गुळगुळीत दांडी लावली, मनगटाएवढी जाड आणि गुडघ्याच्या उंचीवर. भिंतीच्या फटी बुजवून चुना मारला. खाली भाताचं तूस टाकतो, ओलं झालं की बदलतो. कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची राख ठेवली आहे, त्यात त्या लोळतात. बोरीचं कुंपण काढून जाळी लावली. नवी कोंबडी आणली तर तीन आठवडे वेगळी.

टिपकी दोन महिन्यांत नीट चालायला लागली. माझ्या हाताने ओढलेल्या जागी खवले बराच काळ नव्हते, पिसं झडून नवी आली त्या वेळेपासून गुळगुळीत खवले दिसायला लागले. आता ती पुन्हा अंड्यावर आहे.

आमचं गंजाड जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रांमुळे बाहेर ओळखलं जातं. त्या चित्रांत कोंबडीचा पाय म्हणजे एक बारीक रेघ. आपणही रोज अंगणात तेवढाच बघतो. आज संध्याकाळी कोंबड्या दांडीवर बसल्या की बॅटरी घ्या. एकेकीला अलगद उचला, नडगी बघा, मग पाय उलटा करून तळवा बघा. एका कोंबडीला एक मिनिट लागतं.

जोहार.