एक टक्का

मलबार हिलवरच्या लिटल गिब्ज रोडवर ‘मेहरांगीर’ नावाचा बंगला होता. मेहेरबाई आणि जहांगीर या दांपत्याची नावं एकमेकांत गुंफून घराला दिलेलं ते नाव. त्यांचे थोरले चिरंजीव होमी भाभा १९६६च्या जानेवारीत या घरातून व्हिएन्नाला जायला निघाले आणि परतले नाहीत. धाकटे जमशेद त्यानंतर चाळीस वर्षं तिथे राहिले. २०१४ साली बंगल्याचा लिलाव झाला, ३७२ कोटी रुपये आले आणि २०१६ साली तो पाडला गेला. त्या निमित्तानं जे लिहिलं-बोललं गेलं, त्यात एक वाक्य हमखास सापडतं : भाभा थोर वैज्ञानिक होते, शिवाय कलाप्रेमी होते. माझं भांडण त्या ‘शिवाय’शी आहे. जेवण उरकल्यावर विडा यावा तशी कला त्या वाक्यात शेवटी येते. आली तर बरं, नाही आली तरी कुणी उपाशी राहत नाही. भाभांच्या आयुष्यात ती अशी कधीच नव्हती. त्यांचं कलाप्रेम हे एका इंजिनिअरचं कलाप्रेम होतं, आणि त्याचं खरं नाव ‘तरतूद’ असं आहे. चित्र आवडलं की ते कुठे लागेल, त्याचे पैसे कुठल्या खात्यातून येतील, आपल्यानंतर ते कोण सांभाळेल, हे प्रश्न त्यांना त्या आवडीचाच भाग वाटत. बंगला पडला तेव्हा आपण नेमकं काय गमावलं, हे या अंगानं पाहिल्याशिवाय कळणार नाही.

भाभांना इंजिनिअर म्हटलं की पहिली हरकत ठरलेली असते. ते तर भौतिकशास्त्रज्ञ. इंजिनिअरिंग त्यांनी वडिलांच्या आग्रहाखातर केलं आणि संधी मिळताच सोडलं. हरकत निराधार नाही. घराण्याचं टाटांशी नातं होतं, आत्या दोराबजी टाटांच्या पत्नी. तेव्हा केंब्रिजला यंत्रशास्त्र शिकायचं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं, हा मार्ग घरच्यांनी आखून ठेवला होता. १९२८च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, भाभांनी वडिलांना एक पत्र लिहिलं. धंदा किंवा इंजिनिअरची नोकरी हे आपलं काम नव्हे, आपल्याला भौतिकशास्त्रच करायचं आहे, असं त्यात निक्षून सांगितलेलं आहे. चरित्रकार हे पत्र बंडखोरीचा पुरावा म्हणून पुढे करतात. मला त्यातली एक वेगळी गोष्ट सोडवत नाही. आपली बाजू मांडताना या मुलाला आठवतो तो बेटोव्हेन. बेटोव्हेनला वैज्ञानिक हो आणि सॉक्रेटिसला इंजिनिअर हो, असं सांगण्यात काय हशील, अशा आशयाचा तो युक्तिवाद आहे. हा मुलगा नातेवाइकांच्या घरच्या ध्वनिमुद्रिका ऐकत वाढलेला. मुंबईत जहांगीर लालकाकांच्या हाताखाली चित्रकला शिकलेला. घरापासून हजारो मैल दूर बसून तो वडिलांशी वाद घालतो आहे आणि साक्षीला संगीतकाराला बोलावतो आहे. म्हणजे त्या वयातच त्याच्या मनात समीकरणं, यंत्रं आणि सिंफनी एकाच पंगतीला बसलेली होती. वडिलांनी त्यावर काढलेली वाटही पाहण्याजोगी आहे : आधी यंत्रशास्त्रात पहिला वर्ग मिळव, मग गणितासाठी केंब्रिजला राहण्याचा खर्च मी करीन. मुलानं ते मान्य केलं, १९३०मध्ये पहिला वर्ग मिळवला आणि १९३२मध्ये गणितातही. नकोसं वाटणारं काम त्यानं अर्धवट टाकलं नाही, पुरं करून दाखवलं. आवडीच्या गोष्टीसाठी आधी पाया भरावा लागतो, हे त्या दोन वर्षांत त्याच्या अंगात मुरलं असणार. भौतिकशास्त्राकडे वळल्यावर पदवी मागे पडली. ही सवय मागे पडली नाही.

त्याची चिन्हं केंब्रिजमध्येच दिसू लागतात. विद्यार्थी असताना त्यांनी मोझार्टच्या एका ऑपेरासाठी नेपथ्य केलं. नेपथ्य हे मोठं बोधक काम आहे. चित्रकार कागदावर हवेत तरंगणारा महाल काढू शकतो. नेपथ्यकाराचा महाल फळ्यांवर उभा राहावा लागतो, गायकाचं वजन पेलणारा असावा लागतो आणि प्रवेश संपताच हलवता यावा लागतो. १९४१ साली नागपूरला भरलेल्या विज्ञान अकादमीच्या अधिवेशनात सी. व्ही. रामन यांनी भाभांची तुलना लिओनार्दो दा विंचीशी केली, हे आपण कौतुकानं सांगतो. पण सांगताना लिओनार्दोचा अर्धा भाग गाळतो. लिओनार्दो कालवे आखणारा, तटबंद्या मोजणारा, चाकांची आणि पुलांची टिपणं ठेवणारा माणूस होता. त्याचं चित्र आणि त्याचं यंत्र एकाच वहीत, अनेकदा एकाच पानावर असायचं. रामन यांच्या बोलण्याला जो अर्थ आहे, तो या एका पानाचा आहे. तो सुटला की उरते ती नुसती स्तुती, आणि स्तुतीच्या पोटातूनच ‘शिवाय’ जन्माला येतो.

आता कुलाब्याच्या टोकाला जाऊ. मुंबई जिथे संपते, तिथे समुद्राला लागून भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत आहे. १९४५मध्ये बंगळुरूला सुरू झालेली आणि त्याच वर्षी पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आलेली ही संस्था मग गेटवेजवळच्या यॉट क्लबच्या जुन्या इमारतीत राहिली, आणि शेवटी १९६२ साली या स्वतःच्या घरात आली. पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. पाहणारा आधी समुद्र पाहतो, हिरवळ पाहतो. ते कुणीही पाहील. या जागेचा खरा स्वभाव आतल्या भिंतींवर आहे. हुसेन, आरा, गायतोंडे, तय्यब मेहता, रझा, हेब्बर, बेंद्रे, राम कुमार अशी स्वातंत्र्यानंतरची सगळी चित्रपिढी इथे व्हरांड्यांत आणि जिन्यांच्या वळणांवर लागली. प्रवेशदालनात हुसेन यांचं सुमारे पंचेचाळीस फुटी भित्तिचित्र आलं. गणिताच्या व्याख्यानाला निघालेला माणूस, चहाचा ट्रे नेणारा माणूस, प्रयोगशाळेतला मदतनीस, सगळे त्याच चित्रांसमोरून दिवसातून चार वेळा जाणार, अशी ती योजना होती. चित्र पाहायला वेगळा वेळ काढावा लागू नये, ते वाटेतच असावं, ही कल्पना रसिकाला सहसा सुचत नाही. माणसं कुठून कुठे जातात, याचा नकाशा ज्याच्या डोक्यात असतो त्याला ती सुचते. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक आकडा होता. संस्थेच्या अंदाजपत्रकातली एक टक्क्यापर्यंतची रक्कम कलाकृतींच्या खरेदीसाठी वापरण्याची परवानगी भाभांनी नेहरूंकडून घेतली होती. ज्यांनी सरकारी बांधकामाची एस्टिमेटं पाहिली आहेत त्यांना या एका टक्क्याचं मोल कळेल. सौंदर्याविषयी भाषण करणारे पुष्कळ असतात. सौंदर्याला अंदाजपत्रकात स्वतःचं हेड मिळवून देणारा माणूस विरळा. हेड असलं की दरवर्षी कुणाच्या मर्जीकडे डोळे लावावे लागत नाहीत. सिमेंट आणि लोखंड जसं हक्कानं येतं, तसंच चित्रही येतं.

इथे दुसरी हरकत येते, आणि ती जास्त टोकदार आहे. ज्या देशात त्या काळी धान्य बाहेरून आणावं लागत होतं, तिथे विज्ञानाच्या पैशातून चित्रं घेण्याचा अधिकार कुणी दिला? शिवाय ही अभिरुची एका श्रीमंत पारशी घरातली, वारशानं आलेली. या हरकतीला, ती चित्रं आज किती कोटींची झाली आहेत, असं उत्तर देण्याचा मोह होतो. ते उत्तर हलकं आहे. बाजारभाव पडला असता तर ती चूक ठरली असती का? खरं उत्तर असं की भुकेचा हाच निकष लावला तर विश्वकिरणांचा अभ्यासही बंद करावा लागतो, कारण त्यानंही कुणाचं पोट त्या संध्याकाळी भरत नाही. ज्यानं मूलभूत विज्ञान मान्य केलं, त्यानं माणसाच्या न मोजता येणाऱ्या गरजा आधीच मान्य केल्या. आणि श्रीमंतीचं म्हणाल, तर त्या भिंतींवर कुणाला जागा मिळाली ते पाहा. आरा घरगडी म्हणून राबलेले. हुसेन सिनेमाच्या जाहिराती रंगवून पोट भरलेले. गायतोंडे गिरगावच्या चाळीत वाढलेले गोमंतकीय घरातले. ते अजून नावारूपाला येत होते तेव्हा एका विज्ञानसंस्थेनं त्यांच्यासाठी दार उघडलं. श्रीमंत रसिक विकत घेतलेलं चित्र दिवाणखान्यात लावतो; इथे ते सार्वजनिक पैशातून सार्वजनिक व्हरांड्यात आलं. अभिरुची घरातून आली हे खरं. ती घराबाहेर काढून सगळ्यांच्या वाटेत ठेवली, हे भाभांचं स्वतःचं.

झाडांच्या बाबतीतही हाच स्वभाव. बांधकामाच्या आड येणारं मोठं झाड तोडायचं नाही, ते उचलून दुसरीकडे लावायचं, हा त्यांचा शिरस्ता. हे वाचायला हळवं वाटतं. करायला मात्र शुद्ध इंजिनिअरिंग आहे. भोवती चर खणायचा, मुळांभोवतीची माती सुटू द्यायची नाही, फांद्या छाटून भार हलका करायचा, नव्या जागेचा खड्डा आधी तयार ठेवायचा, आणि मग पालवी फुटेपर्यंत पाणी घालत राहायचं. एका झाडासाठी एवढा खटाटोप करायचा तर झाडावर जीव लागतो आणि यारीचा हिशोबही लागतो. दोन्ही एकाच माणसात असले की झाड वाचतं.

म्हणून मेहरांगीरचा प्रश्न मला सोपा वाटत नाही. बंगल्याचं स्मारक व्हावं म्हणून अणुऊर्जा विभागातल्या कर्मचाऱ्यांनी उच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. लिलाव थांबला नाही. पण लिलाव करणारी संस्था कोणती होती? नरिमन पॉइंटचं राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र, जे जमशेद भाभांनी १९६९मध्ये उभं केलं आणि ज्याला त्यांनी हे घर दिलं. त्या पैशानं नाटकं होतील, वाद्यं वाजतील, रंगमंच उजळतील. मग होमी भाभांच्याच न्यायानं हे योग्य नव्हे का, कलेची तरतूद झालीच ना? ही सर्वांत बळकट हरकत आहे, आणि तिच्यापुढे मी अर्धा हरतो. दगडविटांपेक्षा चालतं रंगमंदिर मोलाचं, हे कबूल. तरीही जमशेद भाभा नाट्यगृहात गेलं की समोर एक संगमरवरी जिना दिसतो. तो पेटिट हॉल नावाच्या जुन्या वाड्याचा. वाडा गेला, पण जिना सोडवून आणून इथे बसवला. म्हणजे पडणाऱ्या घरातून काय वाचवता येतं आणि कसं, हे या भावांच्या घरात ठाऊक होतं. मुळांसकट झाड हलवणाऱ्याच्या घराला, जिना हलवणाऱ्याच्या घराला, तसं हलवणारं कुणी भेटलं नाही. विक्री अटळ होती असं मानलं, तरी इतकं संपूर्ण पुसलं जाणं अटळ नव्हतं. मला बोच आहे ती याची.

आणि एक नुकसान असं आहे जे पैशानं भरून येत नाही. कुलाब्याच्या भिंती पहाऱ्याच्या आत आहेत. नेव्ही नगर ओलांडून तिथवर सहज जाता येत नाही. तुर्भ्याचं अणुकेंद्र तर पूर्ण बंदिस्त. दिवसभर अणुभट्टीचं काम करून संध्याकाळी माणूस रेषेकडे आणि स्वराकडे कसा वळतो, हे शाळेतल्या मुलाला दाखवता येईल अशी एकच जागा शहरात होती, ती हे घर. तिथे विज्ञान आणि कला यांच्या मधला दरवाजा शोधावा लागला नसता, कारण तो नव्हताच. आता मुलांना पुस्तकातलं वाक्य तेवढं मिळेल, त्या ‘शिवाय’सकट.

२४ जानेवारी १९६६ला माँ ब्लाँवर विमान कोसळलं तेव्हा भाभा छप्पन्न वर्षांचे होते. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं. रस्ते, पुतळे, पारितोषिकं होत राहिली. त्यांची आठवण ठेवायची खरी रीत मात्र त्यांनी स्वतःच घालून दिली आहे, आणि तिला बंगला लागत नाही. उद्या एखाद्या जिल्ह्याच्या गावी अभियांत्रिकी महाविद्यालय, रुग्णालय किंवा पाणीपुरवठ्याचं कार्यालय उभं राहील. त्याचं अंदाजपत्रक करणाऱ्या इंजिनिअरनं पाया, जोतं, स्लॅब, वायरिंग अशा ओळी मांडताना रंगकामाच्या खाली आणखी एक ओळ घालावी : चित्रं आणि शिल्पं, एक टक्का. वरिष्ठांनी ती खोडली तर पुढच्या एस्टिमेटमध्ये ती पुन्हा घालावी.