उशिरा उचललेलें पाऊल

शेतकऱ्याच्या घरांत वेळेला फार मान असतो. मृगाचा पाऊस झाला आणि वाफसा आला कीं पेरणी झालीच पाहिजे. तो गेला तर पुढील मेहनत अर्धी वायां जाते. त्यामुळें वयाच्या सोळाव्या वर्षीं मीं शर्यतींत धांवण्याचें मनावर घेतलें, तेव्हां आईनें सहज विचारलें, "बाळ, आतां हें कसलें खूळ? त्याचें वय गेलें कीं रे!" प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. नववीपर्यंत माझी सायंकाळ आजोबांच्या शेळ्यांमागें जात असे, म्हणून शाळा सुटल्यावर मैदानावर थांबणें मला शक्य नव्हतें. शेळ्या विकल्या गेल्या आणि तो वेळ मोकळा झाला; परंतु दहावीचें वर्ष असल्यानें तो अभ्यासास मिळावा अशी घरची इच्छा होती. शिवाय धांवण्याच्या बुटांची किंमत म्हणजे क्विंटलभर सोयाबीनच्या पैशांतील मोठा वांटा. हा हिशोब वडिलांस करावाच लागत होता.

मजजवळ त्या वेळीं उत्तर नव्हतें, म्हणून मी तें शोधूं लागलों.

कांहीं खेळांना बालपणच हवें असतें, हें खरें आहे. बर्फाच्या उतारावरून पायांना फळ्या बांधून घसरत जाण्याची शर्यत, जिला स्कीइंग म्हणतात, ती त्यांतलीच एक. २०२२ सालीं बीजिंग येथील हिवाळी ऑलिंपिकांत आरिफ खान हे भारताचे एकमेव खेळाडू होते. ते काश्मीरांतील गुलमर्गच्या परिसरांतले. वडिलांचें स्कीच्या सामानाचें दुकान असल्यामुळें वयाच्या चौथ्या वर्षींच ते बर्फावर उभे राहिले, आणि तरीहि त्या स्पर्धेंत त्यांना पंचेचाळिसावें स्थान मिळालें. उतारावर भरधांव जातांना तोल सांभाळणें शरीराला विचार न करतां यावें लागतें; तें शिक्षण कोंवळ्या वयांत जसें मुरतें तसें पुढें मुरत नाहीं.

पण आमच्या वाशिम जिल्ह्यांत बर्फ कोठला? येथें आहेत त्या काळ्या मातीच्या पांदणी, नाले आणि शेतांचे धुरे. धुऱ्यावरून उडी मारून पलीकडे जाणें आम्हांस कोणीं शिकविलें नाहीं. आणि लांब पल्ल्याची धांव हा निराळ्या प्रकृतीचा खेळ आहे. हृदय आणि श्वास हे वर्षानुवर्षांच्या शांत धांवण्यानें बळकट होतात. या शर्यतींतले बहुतेक मोठे खेळाडू पंचविशीच्या आसपास किंवा त्याहि पुढें आपल्या शिखरावर पोहोंचतात. मात्र श्वास जितक्या लवकर सुधारतो तितक्या लवकर हाडें आणि स्नायूबंध कणखर होत नाहींत. म्हणून उशिरा आरंभ करणारानें घाई करूं नये, असें आमच्या क्रीडाशिक्षकांनीं मला पहिल्याच दिवशीं बजावलें.

त्यांनींच मला अविनाश साबळे यांची हकीकत सांगितली. बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्यांत मांडवा नांवाच्या खेड्यांत, १९९४ सालीं, गरीब शेतकऱ्याच्या घरीं त्यांचा जन्म झाला. लहानपणीं शाळा सहा किलोमीटर दूर. वाहन नसे, तेव्हां पायीं किंवा धांवतच जावें लागे. बारावीनंतर ते सैन्याच्या महार पलटणींत दाखल झाले. सियाचीनच्या बर्फांत आणि राजस्थानच्या वाळवंटांत त्यांनीं चाकरी केली. स्पर्धेंत धांवण्यास त्यांनीं २०१५ च्या सुमारास आरंभ केला. म्हणजे त्यांचें वय तेव्हां विशीच्या पुढें होतें! २०१८ सालीं भुवनेश्वर येथें त्यांनीं गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत ८ मिनिटें ११.२० सेकंदांत त्यांनीं रौप्यपदक मिळविलें; सुवर्णपदक केवळ ०.०५ सेकंदानें हुकलें. पुढील वर्षीं हांगझौच्या आशियाई स्पर्धेंत तेंहि त्यांच्या पदरीं पडलें.

त्यांच्या शर्यतीला स्टीपलचेस म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. पूर्वीं आयर्लंडांत घोडेस्वार एका गांवच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गांवचा मनोरा नजरेसमोर ठेवून, वाटेंतील कुंपणें आणि ओढे ओलांडीत, दौड करीत. त्यावरून हें नांव पडलें. आज तीन हजार मीटरांच्या या शर्यतींत २८ वेळां अडथळे आणि ७ वेळां पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांसाठीं अडथळा सुमारें तीन फूट उंच असतो.

सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्याच्या ललिता बाबर याहि प्रथम मॅरेथॉन धांवत. २०१४ सालीं, पंचविशीच्या उंबरठ्यावर, त्या स्टीपलचेसकडे वळल्या. दोन वर्षांनीं रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरींत धांवून त्या दहाव्या आल्या. पी. टी. उषा यांच्यानंतर ३२ वर्षांनीं भारतीय स्त्रीला धांवपट्टीवरील अंतिम फेरी दिसली. माण काय आणि आष्टी काय, दोन्ही तालुके दुष्काळाचे.

हें सर्व मीं एके रात्रीं जेवतांना वडिलांस सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "खरीप हुकला म्हणून शेत कोणी पडीक ठेवीत नाहीं. हरभरा पेरतात. पण हरभऱ्यालाहि मेहनत लागतेच." दुसऱ्या दिवशीं त्यांनीं जुना दोर घेऊन पांदणीवर पांचशें मीटर मोजून दिले. ठरलें तें असें: पहांटें अभ्यास, सायंकाळीं एक तास धांव, आणि चाचणीचे गुण घसरले तर धांव बंद.

जूनमध्यें तीन हजार मीटरांस मला १५ मिनिटें १० सेकंद लागले. तालुक्याच्या शर्यतींत १२ मिनिटें २० सेकंद लागले आणि तेवीस जणांत मी नववा आलों. जिल्ह्यासाठीं माझी निवड झाली नाहीं. माझ्या पुढें आलेल्यांपैकीं कित्येक जण पांचवीपासून धांवत होते; त्यांचें यश त्यांच्या श्रमाचें होतें. वडील मोबाइलमधील घड्याळ हातांत धरून कडेला उभे होते. त्यांनीं स्थान विचारलें नाहीं. जूनपेक्षां किती वेळ वांचला तेवढेंच विचारलें. चाचणीचे गुणहि घसरले नाहींत, म्हणून करार अद्याप टिकून आहे.

मी साबळे होईन असें मला वाटत नाहीं, आणि तसें वचनहि मीं कोणास दिलेलें नाहीं. परंतु माझ्या विद्यार्थिबंधूंनो आणि भगिनींनो, एखादी गोष्ट मनापासून करावीशी वाटत असेल, तर इतर किती पुढें गेले याची मोजणी आधीं करूं नका. त्या कामास किती वर्षें लागतात तें जाणत्यांस विचारा आणि मग आपला आंकडा मांडा. आणि वडीलधाऱ्या मंडळींस माझी नम्र विनंति आहे, कीं मुलाचें वय गेलें असें ठरविण्यापूर्वीं एकदां पांचशें मीटर मोजून द्यावेत. पुढचें धांवणें त्याचें त्यालाच करावयाचें असतें.