हिला काम काय देणार?

मैत्रिणींनो, मुलाच्या हट्टापायी घरात कुत्र्याचे पिल्लू आणलेल्या आया तुमच्यात पुष्कळ असतील. मीही त्यांतलीच. फरक इतकाच, की तुम्ही आणलेत ते पिल्लू आणि मी आणला तो हाडाचा गुराखी! अर्थात हे मला कळले ते बऱ्याच उशिरा, आणि चांगलीच अद्दल घडल्यावर.

आम्ही अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स या गावी राहतो. गावातून उत्तरेला वायोमिंगच्या हद्दीकडे निघाले, की घरे विरळ होत जातात आणि रँच लागतात. रँच म्हणजे आपल्याकडचा मळा नव्हे. नजर पोचेल तिथवर कुरण, तारेची कुंपणे, आणि त्यात चरणारी गुरे. अशाच एका रँचवर बॉर्डर कोली जातीची पिल्ले आहेत असे कळले आणि मार्चमधल्या एका रविवारी, रस्त्याकडेला बर्फ साचलेले असताना, आम्ही तिघे तिथे जाऊन पोचलो.

मालकीणबाई साठीच्या पुढच्या. गुडघाभर बूट, हात पुरुषासारखे राठ. आठ आठवड्यांच्या काळ्या-पांढऱ्या पिल्लांतले एक माझ्या मुलाच्या बुटाची नाडी ओढू लागले आणि आमची निवड तिथेच झाली. बाई मात्र लगेच पिल्लू हातात देईनात. त्यांनी मला विचारले, "हिचे आईबाप दोघेही कामावरचे आहेत. हिला काम लागेल. काय काम देणार तू हिला?"

मी हसून म्हटले, "काम कसलं! खायचं आणि खेळायचं, एवढंच काम!"

बाई हसल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "नाही जमलं तर माझ्याकडे परत आण. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस."

पिल्लू सतत गरगर फिरे, म्हणून नाव ठेवले भिंगरी.

आता ही जात कुठली, ते थोडे सांगते. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरच्या डोंगराळ भागात मेंढपाळांनी ही कुत्री पिढ्यान् पिढ्या जोपासली, म्हणून 'बॉर्डर'. नॉर्थंबरलंडमध्ये अ‍ॅडम टेल्फर नावाच्या माणसाकडे १८९३ साली 'ओल्ड हेम्प' नावाचा कुत्रा जन्मला. आजच्या बहुतेक सगळ्या बॉर्डर कोलींची वंशावळ त्याच्यापाशी जाऊन पोचते. तो शांतपणे काम करी. नुसत्या नजरेच्या धाकाने मेंढ्या हलवी. आपल्याकडे धनगराच्या वाड्याबरोबर कुत्री असतात ती राखणदार. लांडगा आला तर अंगावर जायचे, हे त्यांचे काम. बॉर्डर कोलीचे काम त्याहून वेगळे. पांगलेले गोळा करायचे आणि मालक सांगेल तिकडे न्यायचे. लांडगा शिकार करताना बघतो, दबा धरतो, पाठलाग करतो आणि मग पकडतो. माणसाने या कुत्र्यात पहिल्या तीन गोष्टी ठेवल्या आणि चौथी दाबून टाकली. पण पुरती नाही बरं का! अडेलतट्टू गाय हलवायची तर कुत्र्याला वेळप्रसंगी तिच्या खुरापाशी चावा घ्यावाच लागतो. म्हणून गुरांवर काम करणाऱ्या कुळात तो गुण मुद्दाम राखलेला असतो.

हे सारे मी आज सांगते आहे. तेव्हा यातले मला काडीइतकेही ठाऊक नव्हते.

पहिले काही आठवडे कौतुकात गेले. सोळा आठवड्यांपर्यंतच्या लसी पुऱ्या होईतो परक्या कुत्र्यांचा वावर असेल तिथे जमिनीवर सोडू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण त्याच वयात पिल्लाने जग पाहिले नाही, तर ते पुढे भित्रे होते, हेही सांगितले होते. म्हणून मी तिला जुन्या पंचाच्या झोळीत घालून गावभर हिंडवले. आमच्या गावात मेसन स्ट्रीटच्या मधोमध मालगाडी जाते. ती भिंगरीने माझ्या कडेवरून पाहिली. टोपीवाले, काठीवाले, बाबागाडीतली बाळे, सगळे दाखवून झाले. मला वाटले, जमले आपल्याला!

चौथ्या महिन्यात रंग पालटला. मुलगा धावला की ही त्याच्या टाचेला! माझ्या सलवारीच्या कडा फाटल्या. केरसुणी, व्हॅक्यूम, सायकल, जे हलेल त्याच्यामागे ही. रात्री मुलाने गंमत म्हणून भिंतीवर टॉर्चचा उजेड नाचवला, तर दुसऱ्या दिवसापासून ती उजेड नसतानाही भिंतीकडे टक लावून बसू लागली. डॉक्टरांनी टॉर्च ताबडतोब बंद करायला सांगितला. या जातीला उजेडाचे आणि सावलीचे वेड लागते आणि ते सुटता सुटत नाही.

"दमवा तिला," असे जो तो सांगे. म्हणून आमचे हे सकाळी तासभर चेंडू फेकत, संध्याकाळी मी तासभर. ती दमेना. उलट महिन्याभरात तिचा दम वाढला, दमलो आम्ही! ती डोळे तारवटून पुन्हा चेंडू आणून पायाशी टाकी.

मग जूनमध्ये मुलाचा आठवा वाढदिवस आला. मागच्या अंगणात दहा-बारा मुले धावत होती. भिंगरी त्यांच्याभोवती वाकून वाकून फेऱ्या मारू लागली आणि बघता बघता तिने सगळ्यांना झोपाळ्यापाशी गोळा केले. मोठी माणसे हसली, कुणी फोटो काढले. मीही हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. कारण तेवढ्यात शेजारची चार वर्षांची मुलगी घोळक्यातून निसटून आईकडे पळाली आणि भिंगरीने तिच्या घोट्याला दात लावले. मोज्यातून रक्त आले.

अंगण एकदम चिडीचूप झाले. त्या आईने मुलीला उचलले आणि डॉक्टरकडे नेले. मी मागोमाग लशीचे कागद घेऊन धावले. जखम लहान होती. पण त्या मुलीचा आवाज माझ्या कानातून जाईना. रात्री हे म्हणाले, "उद्या हिला परत देऊन ये. आपलं मूल, लोकांची मुलं... हे परवडायचं नाही." त्यांचे काही चुकले नव्हते. मुलगा रडत रडत भिंगरीच्या पिंजऱ्यापाशी जमिनीवरच झोपला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच तिला गाडीत घालून रँचवर गेले. बाईंनी सगळे ऐकून घेतले. मला वाटले, आता रागावतील. त्यांनी विचारले, "दिवसा ती झोपते किती?"

"झोपतेच कुठे!"

"या वयाच्या पिल्लाला दिवसाकाठी सोळा-अठरा तास झोप हवी. आणि काम काय देतेस?"

मी चेंडूचे सांगितले. बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही तिला पळायला शिकवलंत. थांबायला कुणी शिकवायचं?"

मग त्यांनी मला कुंपणापाशी नेले आणि भिंगरीच्या आईला मेंढ्यांवर सोडले. काय सांगू तुम्हांला! "कम बाय" म्हटले की ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळसा घेई, "अवे" म्हटले की उलट दिशेने. "लाय डाउन" म्हटले की धावता धावता जमिनीला चिकटे. पंधरा-वीस मिनिटांत मेंढ्या फाटकातून आत गेल्या. शेवटी बाई हळूच म्हणाल्या, "दॅटल् डू." म्हणजे, झालं, पुरे. त्यासरशी ती कुत्री मेंढ्यांकडे पाठ फिरवून आली, फाटकापाशी अंग टाकले आणि चक्क डोळे मिटले!

"माझ्या कुत्र्यांना काय रोज काम असतं?" बाई म्हणाल्या. "बर्फात कित्येक दिवस नुसती पडून असतात. काम त्यांच्या रक्तातच असतं. काम संपलं, हे मात्र शिकवावं लागतं."

मैत्रिणींनो, ते ऐकून मला माझेच दिवस आठवले. मी बी. ए. होऊन गावी शाळेत शिकवत होते. लग्न होऊन २०१४ साली इथे आले. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या माझ्यासारख्या बऱ्याच बायकांना तेव्हा नोकरी करता येत नसे. २०१५ पासून त्यांच्यातल्या काहींना परवाना मिळू लागला, मला मिळायला २०१८ उजाडले. मधली चार वर्षे मी काय करीत होते? दिवसातून तीनदा ओटा पुशीत होते. ह्यांचे कपाट लावलेले पुन्हा लावीत होते. हे घरी आले की क्षुल्लक कारणावरून भांडत होते. सगळे म्हणत, "आराम आहे की तुला!" मी वाईट बायको नव्हते. मला काम नव्हते आणि विश्रांतीही नव्हती, कारण काम केल्यावाचून विश्रांती कसली? आता इथल्या बालवाडीत अर्धा दिवस शिकवते, तर ओटा एकदाच पुसते!

मी भिंगरीला परत गाडीत घातले. बाईंना म्हटले, "एक महिना बघते." त्या म्हणाल्या, "दार उघडंच आहे."

ह्यांनी अट घातली, की मुले असतील तिथे भिंगरी दोरीशिवाय सुटी राहणार नाही. ती मी आजवर पाळली आहे.

मग मी बालवाडीचेच वेळापत्रक घरी लावले. दमलेले मूल झोपत नाही, चेकाळते, हे आम्हां शिक्षिकांना ठाऊक असते, पिल्लाचेही तेच. एक तास जागे, मग दोन तास पिंजऱ्यात, वर जुनी चादर. सुरुवातीला ती कुरकुरली, मग घोरू लागली. चेंडूफेक बंद केली. खाण्याचे भांडेच उचलून ठेवले. तिच्या खाण्याचा एकेक दाणा ती कमावू लागली. जुन्या टॉवेलाच्या वळकटीत दाणे गुंडाळून द्यायचे, मुलाची चप्पल लपवून शोधायला लावायची, खेळणी टोपलीत टाकायला शिकवायचे. दहा मिनिटे असे डोके चालवले, की तासभर धावण्याहून जास्त दमते. आणि प्रत्येक खेळाच्या शेवटी दोन्ही तळहात उघडे दाखवून मी म्हणे, "पुरे!" मग खरोखरच पुरे. तिने कितीही डोळे लावले, तरी पुन्हा नाही.

पोळ्या लाटताना तिला ओट्यापासून दूर चटईवर दोरीने बांधून बसवू लागले. ओघाने एक सांगून ठेवते. आपल्या स्वयंपाकघरात कुत्र्याला घातक अशा वस्तू पुष्कळ असतात. कांदा, लसूण, चॉकलेट तर आहेतच. पण शिऱ्यातले बेदाणे आणि द्राक्षेही मूत्रपिंडाला अपाय करतात. द्राक्षातले टार्टरिक आम्ल याला कारण असावे, असे अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२१ साली मांडले. तेच आम्ल चिंचेत भरपूर असते. तेव्हा चिंचेची आमटी लाडक्या कुत्र्याला नको. शिवाय कोलीच्या कुळातल्या काही कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनसारखी औषधे मोठ्या मात्रेत सोसत नाहीत. त्याची तपासणी करून घेता येते, आम्ही घेतली.

महिन्यात जादू झाली नाही. व्हॅक्यूमवर ती पुन्हा धावली, एका सायकलवाल्यामागे दोरी ओढून मला पाडलेही. पण ती झोपू लागली, आणि झोपू लागल्यावर ऐकू लागली. महिना संपला तेव्हा ह्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. दिवाळीपर्यंत मुले खेळताना ती माझ्या पायाशी पडून नुसती बघू शकत होती. मुलांनाही मी शिकवले, की कुत्रे अंगाशी आले तर पळायचे नाही. झाडासारखे उभे राहायचे.

आज भिंगरी तीन वर्षांची आहे. महिन्यातून दोनदा तिला रँचवर नेते. बाई तिला मेंढ्यांवर सोडतात, मीही शीळ घालायला शिकते आहे. शेजारची ती मुलगी कधीकधी येते. तिची आई अजून तिचा हात सोडत नाही, आणि मी तिला मुळीच दोष देत नाही. भिंगरी माझ्या शेजारी दोरीत बसून असते.

आता पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधूनही बॉर्डर कोली दिसतात. देखणे, हुशार म्हणून मुले हट्ट धरतात. तुमच्याकडेही हट्ट सुरू असेल तर पिल्लाचे डोळे बघण्याआधी त्याचे आईबाप काय करीत होते ते विचारा. मग घरातल्या घड्याळाकडे बघा. रोज त्याचे डोके चालवायला वेळ कुणाला आहे? नसेल, तर दारात आलेले एखादे गावठी पिल्लू आनंदाने पाळा. तेही तितकीच माया लावते. आणि कोलीच घरी येऊन बसले असेल, तर त्याला वाह्यात म्हणण्याआधी त्याला काम द्या. आणि काम झाले की "पुरे" म्हणायला विसरू नका.

रात्री झाकपाक झाली की मी दिवा मालवते आणि म्हणते, "पुरे गं, झालं आजचं." भिंगरी चटईवर अंग टाकते. मग मीही ओट्याकडे पुन्हा वळून बघत नाही.