जुनी फिल्म आणलीत का?

पेशंट आत येतो, खुर्चीवर टेकतो आणि रिपोर्टचा कागद पुढे करतो. रेडिओलॉजिस्ट तो न उघडताच विचारतात, "जुनी फिल्म आणलीत का?" उत्तर बहुतेक ठरलेलं. "रिपोर्ट आणलाय की!" फिल्म घरी असते. कपाटावरच्या पिशवीत, लग्नाच्या अल्बमखाली.

मिरजेत वीस वर्षं छातीचे फोटो वाचत आलेल्या या डॉक्टरांचं म्हणणं साधं आहे. आजार एका फिल्ममध्ये दिसतो, बरं होणं दिसायला दोन लागतात. आणि दुसरी कधी काढायची, हे त्यांना कोविडनं शिकवलं.

तेव्हा उभ्या महाराष्ट्राला एकच प्रश्न पडला होता : स्कोअर किती आला? एचआरसीटीचा, म्हणजे फुप्फुसाच्या सीटीचा आकडा बारावीच्या मार्कांसारखा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायचा, फक्त इथे कमी मार्कांचा आनंद. सप्टेंबर 2020 मध्ये तर सरकारला तपासणीचे दर बांधून द्यावे लागले, मशीनच्या क्षमतेप्रमाणे 2000 ते 3000 रुपये. गंमत म्हणजे वुहानच्या डॉक्टरांनी 2020 च्या सुरुवातीला हे पंचवीसपैकी मार्क दिले ते पेशंट बरे कसे होतात, हे पाहण्यासाठी. एकवीस पेशंट, प्रत्येकाचे थोड्या थोड्या दिवसांनी सीटी. फुप्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला शून्य ते पाच. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण दहाव्या दिवशी डाग सर्वांत जास्त असतात आणि दोन आठवड्यांनंतर ओसरू लागतात, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे तो आकडा आला आणि बेड मिळेल का, या धास्तीला जोडला गेला.

त्यात एक खोटही आहे. फुप्फुसाच्या पोकळ्यांत थोडा द्रव, थोड्या पेशी साचल्या, की सीटीवर तो भाग न्हाणीघराच्या खिडकीच्या दुधी काचेसारखा दिसतो. धुरकट, पण मागच्या रक्तवाहिन्यांच्या रेघा ओळखू येतात. पोकळ्या पुरत्या भरल्या, की पांढरा गोळा होतो आणि रेघा त्यात बुडून जातात. पेशंट सुधारू लागला, की हा गोळा पाण्यातल्या साखरेच्या खड्यासारखा विरघळतो. लगेच आकसत नाही, आधी पसरतो. रंग फिका होतो, जागा मात्र जास्त व्यापतो. स्कोअर मोजतो फक्त जागा. त्यामुळे पेशंटचा ऑक्सिजन उतरवलाय, तो जेवायला मागतोय, आणि स्कोअर दोनाने वाढलेला, अशी पंचाईत होते. रडवेल्या नातेवाइकांना डॉक्टर दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून दाखवत. "इथे शीर दिसत नव्हती. आता दिसते. बघा."

फसवणारं आणखीही बरंच असतं. सीटीच्या टेबलावर माणूस उताणा झोपतो, तेव्हा पाठीकडचा भाग वजनानं दबतो आणि तिथे धुरकटपणा येतो. तो आजार आहे की नुसतं वजन, हे ओळखायचा जुना उपाय म्हणजे पेशंटला पालथं झोपवून तेवढेच काप पुन्हा घेणं. वजनाचा धुरकटपणा जातो, आजाराचा राहतो. श्वासाचंही तसंच. टेक्निशियन "श्वास आत घ्या, धरून ठेवा" म्हणतो, पण नुकता कोविडमधून उठलेला माणूस धरणार किती? श्वास सुटला, की फुप्फुसातली हवा कमी होते आणि अख्खं फुप्फुस पांढुरकं दिसतं. म्हणून हे डॉक्टर आधी श्वासनलिका बघतात. ती गोल असेल तर श्वास भरलेला. तिची मागची भिंत आत झुकली असेल, तर माणसानं श्वास सोडलाय. मग त्या धुरकटपणावर फार विश्वास ठेवायचा नाही.

एक रिपोर्ट मात्र त्यांना अजून खुपतो. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर, आजाराला सहा आठवडे झालेले. फिल्मवर कडेला पट्टे होते, एक-दोन श्वासनळ्या ताणलेल्या. डॉक्टरांनी लिहिलं, 'फायब्रोसिस', म्हणजे कायमचा व्रण. मुलानं तो शब्द मोबाईलवर शोधला आणि काकांनी सकाळचं फिरणं सोडलं. आता कशाला, म्हणाले. सहा महिन्यांनी पुन्हा सीटी झाला तेव्हा बहुतेक पट्टे गेलेले होते. खरा व्रण जात नाही. हे गेले, म्हणजे ते व्रण नव्हतेच. घाई फुप्फुसाची नव्हती, रिपोर्टची होती. तेव्हापासून इतक्या लवकरच्या फिल्मवर ते 'व्रणासारखे पट्टे, पुढे तुलना करावी' एवढंच लिहितात.

ब्रिटनच्या छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2020 मध्येच सांगितलं होतं, की न्यूमोनिया झालेल्यांचा साधा एक्स-रे बारा आठवड्यांनी काढावा आणि तो स्वच्छ नसेल तर पुढचं बघावं. आपल्याकडे लोक दर पंधरवड्याला सीटीला उभे राहत. मे 2021 मध्ये दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया यांनी एक सीटी म्हणजे तीनशे-चारशे एक्स-रे, असं सांगितलं आणि रेडिओलॉजिस्टांची संघटना खवळली. आधुनिक मशीनवर हा हिशेब फार फुगवलेला आहे, असं तिचं म्हणणं. आकड्याच्या बाबतीत हे डॉक्टर संघटनेच्या बाजूचे. सल्ल्याच्या बाबतीत गुलेरियांच्या. विनाकारण काढलेला सीटी कमी किरणांचा असला तरी विनाकारणच.

शिवाय फोटो आणि दम यांचं नेहमी जमतंच असं नाही. वुहानमध्ये गंभीर कोविडमधून वाचलेल्या 83 जणांना वर्षभर तपासलं. वर्षानंतर सुमारे चौथ्या हिश्शाच्या सीटीत अजून खुणा होत्या, तर रक्तात वायू पोचवण्याची क्षमता सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या लोकांची कमी भरली. ऑक्सफर्ड आणि शेफील्डच्या संशोधकांनी झेनॉन वायू हुंगायला देऊन एमआरआय काढले, तेव्हा साध्या सीटीत काहीच न दिसणाऱ्या, पण धाप लागणाऱ्या काहींच्या फुप्फुसात तो वायू रक्तात नीट उतरत नसल्याचं आढळलं. त्यामुळे फिल्म स्वच्छ असूनही कुणी "जिना चढताना थांबावं लागतं" म्हणालं, तर डॉक्टर त्याला घरी पाठवत नाहीत. सहा मिनिटं चालायला लावतात, बोटाला ऑक्सिमीटर लावून.

ते ड्रायव्हरकाका अजून वर्षातून एकदा येतात, साध्या एक्स-रेसाठी. सगळ्या फिल्म तारखेप्रमाणे लावलेल्या, वर नायलॉनची दोरी. तुमच्याही घरात 2020-21 ची अशी एखादी पिशवी किंवा सीडी असेल, तर रद्दीत देऊ नका. पुढे कधी छातीचा फोटो काढायची वेळ आली, तर रिपोर्टबरोबर तीही घेऊन जा.