बिननावाची बाटली

लग्न होऊन नागपूरहून भिलाईला आले, तेव्हा हे पोलाद कारखान्यात कोक ओव्हन विभागात होते. पुढे मी इथल्याच एका शाळेत रसायनशास्त्र शिकवू लागले. पण धोका म्हटला की तो यांच्याच वाट्याचा, असं मी धरून चालले होते. यांना यायला अर्धा तास उशीर झाला, की मी फाटकाशी जाऊन उभी राहायची. माझ्या शाळेत, माझ्या हाताखाली कुणाला काही होईल, हे कधी मनातही आलं नाही.

१२ जून २०१४ ला कारखान्यात विषारी वायूची गळती झाली. सहा जणांचा जीव गेला, त्यांत दोन वरिष्ठ अधिकारी होते. त्या रात्री आमच्या गल्लीत फारसं कुणी झोपलं नसेल. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास. शाळा उघडल्यावर मी मुलांना हे सगळं समजावून सांगितलं. मुलं अगदी गप्प राहून ऐकत होती. आपण फार चांगलं शिकवलं, असं मला वाटलं.

त्याच पावसाळ्यातली ही गोष्ट.

आमच्या प्रयोगशाळेत एक जुने मदतनीस होते. सगळे त्यांना काका म्हणत. एका सकाळी विरल गंधकाम्लाची काचेची बाटली त्यांच्या हातून फुटली. नवं आम्ल तयार केलं, पण ठेवायला बाटली नव्हती. ‘काका, सध्या कशात तरी भरून ठेवा,’ असं सांगून मी तासाला निघून गेले. काकांनी शीतपेयाची रिकामी प्लॅस्टिकची बाटली धुतली, तिच्यात आम्ल भरलं आणि ती बेसिनजवळ ठेवली.

दुपारी नववीतला एक मुलगा वह्या ठेवायला आला. मैदानावरून आलेला, घामाघूम. बेसिनजवळ बाटली, बाटलीत पाण्यासारखं पाणी. त्याने झाकण काढून ती तोंडाकडे नेली. काका दारातूनच ओरडले, ‘अरे, पानी नहीं है वो!’ आणि धावत जाऊन त्यांनी त्याच्या हातावर फटका मारला. बाटली खाली पडली. हातावर थोडं उडालं होतं, म्हणून आम्ही त्याचा हात बराच वेळ नळाच्या धारेखाली धरला. त्याला काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत मीही स्वतःला तेच सांगत होते, काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं मुलाचं कापडी दप्तर माझ्या टेबलावर ठेवलं. जमिनीवर सांडलेलं आम्ल त्याच्या तळाला लागलं होतं आणि आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. विरल आम्ल वाळताना त्यातलं पाणी उडून जातं आणि आम्ल मात्र कापडात तीव्र होत राहतं. दप्तराच्या तळाची चाळणी झाली होती. ‘मॅडम, ये पेट में जाता तो?’ एवढंच तिनं विचारलं.

घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं. काकांनी निष्काळजीपणा केला, असंही म्हणाले. हे थोडा वेळ गप्प राहिले.

‘बाटलीवर काय लिहिलं होतं?’

‘काही नाही.’

‘मग काकांची चूक कशी? कशात तरी भरा, असं सांगितलं कुणी?’

मी मान खाली घातली. मग यांनी कारखान्यातली पद्धत सांगितली. कोणत्या नळातून काय वाहतं, ते नळाच्या रंगावरून कळतं. दुरुस्तीसाठी झडप बंद केली, की तिच्यावर पाटी लागते. लेखी परवानगीशिवाय तिला कुणी हात लावत नाही. ‘एवढं सगळं करूनही काय होतं, ते तू जूनमध्ये पाहिलंस,’ हे म्हणाले. ‘तुमच्याकडे तर मुलं आहेत.’

मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्या रविवारी आम्ही तिघांनी रसायनांचं कपाट उघडलं. बाटल्या मी इंग्रजी वर्णक्रमाने लावल्या होत्या आणि त्याचा मला अभिमान होता. यांनी पहिल्याच फळीवर बोट ठेवलं. अ‍ॅल्युमिनिअमची पूड आणि अमोनिअम नायट्रेट शेजारी शेजारी! एक पेट घेणारं, दुसरं आगीला जोर देणारं. ज्यात सोडिअम बुडवून ठेवायचं, ते रॉकेल अर्धं उडून गेलं होतं. तीव्र आम्लांच्या जड बाटल्या सर्वांत वरच्या फळीवर होत्या, म्हणजे काढताना थेट डोळ्यांवर. फुटक्या तापमापकांतला पारा एका डबीत होता. दोन बाटल्यांवरची अक्षरं पार उडाली होती.

आणि जे उरलं होतं, ते सगळं इंग्रजीत. काका पाचवी शिकलेले, तेही हिंदीत. वीस वर्षं ज्यांनी या बाटल्या उचलल्या, त्यांना त्यांवरचं नाव वाचता येत नव्हतं. ते रंगावरून आणि जागेवरून बाटली ओळखायचे. एवढी वर्षं एकत्र काम करून मी त्यांना हे कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून प्रत्येक बाटलीवर इंग्रजी आणि हिंदीत नाव, तीव्रता, तारीख आणि तयार करणाऱ्याची सही लिहू लागलो. आम्लं खालच्या फळीवर ट्रेमध्ये ठेवली. पेट घेणारी रसायनं वेगळ्या कपाटात गेली. अडीच लिटरच्या बाटलीऐवजी अर्ध्या लिटरची मागवली. गरज असेल तेवढंच आणायचं. पारा सांडला तर झाडू लावायचा नाही आणि नळात सोडायचा नाही, हे काकांनाही सांगितलं आणि मुलांनाही. नाव नसलेल्या त्या दोन बाटल्या आम्ही हुंगल्या नाहीत, बेसिनमध्येही ओतल्या नाहीत. ‘अज्ञात’ असं लिहून कुलपात ठेवल्या. अधिकृत माणसांनी त्या न्यायला आठ महिने लागले. तोवर त्या कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची.

याच सुमारास मला एक गोष्ट वाचून कळली आणि लाज वाटली. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली होती. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं होतं. ती बातमी मी तेव्हा वाचून हळहळले होते. पण त्यानंतर दोनच दिवसांनी, १८ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडहल्ल्यांच्या खटल्यात जो आदेश दिला, त्यात शाळा-महाविद्यालयांचाही उल्लेख होता, हे मला ठाऊकच नव्हतं. आम्लाच्या वापराची नोंदवही ठेवायची, ते सांभाळायला एक जबाबदार व्यक्ती नेमायची, प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची तपासणी करायची. आमच्याकडे नोंदवही होती, पण तिच्यात फक्त खरेदी लिहिलेली असायची. किती वापरलं, उरलेलं कुठे गेलं, याची नोंद नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं, ‘जबाबदार म्हणून कुणाचं नाव घालू?’ मी म्हटलं, माझं. दप्तर ज्या टेबलावर ठेवलं गेलं, ते माझंच होतं.

आता आम्ही दोघंही निवृत्त झालो आहोत. आमच्या भागात सायकलवरून फिनेल विकणारा येतो. घरोघरच्या जुन्या बाटल्यांत, पाण्याच्या, सरबताच्या, ज्या मिळतील त्यांत, तो फिनेल भरून देतो. शेजारच्या सूनबाईंच्या घरात दोन वर्षांचं बाळ आहे. परवा त्या सरबताची बाटली घेऊन दारात उभ्या होत्या. मी घरातून फिनेलचीच एक रिकामी बाटली आणली, कागदाची पट्टी आणि पेनही आणलं. ‘काकू, फिनेलच तर आहे,’ त्या हसून म्हणाल्या.

‘हो ना,’ मी म्हटलं, ‘तेच लिहू या.’