सोडता आलं पाहिजे

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या उजव्या हाताचा अंगठा सकाळी धड वाकत नाही. दुपारपर्यंत बोटं मोकळी होतात, काइटचा बारही नीट धरता येतो. अडतं ते फक्त क्विक रिलीजपाशी, म्हणजे काइटच्या ओढीतून सुटका करणाऱ्या कळीपाशी. तो मुठीत धरून झटक्यात पुढे ढकलावा लागतो आणि माझी मूठ आता किंचित उशिरा आवळते. मोरजीच्या वाळूवर काइटसर्फिंग शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पण सोडण्याचा एवढा विचार मी कधी केला नव्हता.

बाकी सगळं शिकवता येतं. सोडणं शिकवताना माझी आजही दमछाक होते. घाबरलेला माणूस हातात असेल ते घट्ट धरतो आणि छातीशी ओढतो. बार ओढला की काइटचा जोर वाढतो, जोर वाढला की भीती वाढते, मग तो आणखी ओढतो. फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी १९८४ साली फुगवायच्या काइटचं पेटंट घेतलं. तेव्हापासून काइट किती बदलल्या! बार लांब ढकलला की जोर जवळजवळ पूर्ण उतरवणाऱ्या काइट आल्या. रिलीजसाठी २०२० पासून आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे. माणसाचा हात मात्र होता तसाच आहे.

आमच्याकडे याची खरी परीक्षा मे महिन्यात होते. दुपारचा खारा वारा वायव्येकडून छान एकसारखा वाहत असतो आणि सगळ्यांचे डोळे समुद्राकडे असतात. वळीव येतो पाठीमागून, सह्याद्रीकडून. डोंगरावर ढग चढतात, त्यांच्या पोटातून थंड हवा खाली कोसळते आणि पावसाच्या बऱ्याच आधी किनाऱ्यावर पोचते. त्याआधी बऱ्याचदा खारा वारा पडतो. लाइन्स सैल होतात, काइट आकाशात लटपटते, पाठीला गार झुळूक लागते, ओल्या मातीचा वास येतो. नेमक्या याच वेळी उत्साही मंडळी किनाऱ्यावर येऊन नऊ मीटरची काइट उतरवतात आणि बारा मीटरची फुगवायला घेतात. मग पूर्वेचा झोत येतो, तो जमिनीकडून समुद्राकडे. पंधरा नॉटचे तीस झाले की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. माणूस थेट खोल पाण्याकडे खेचला जातो. विजा कडाडत असताना बोटवाल्याने तरी त्याच्या मागे का जावं?

पोरं मोबाइलवर नेदरलंड्सचे व्हिडिओ दाखवतात. झांडफोर्टला वादळाची वाट पाहून मेगालूपची, म्हणजे उंच उडीत काइटला गिरकी देण्याची, स्पर्धा भरवतात, हे मलाही ठाऊक आहे. त्या खेळाडूंबद्दल मला आदर आहे. पण उत्तर समुद्रावरचं वादळ आदल्या दिवशी नकाशावर दिसतं, तासन्‌तास एका बाजूने वाहतं, आणि स्पर्धेत बचावाच्या जेट-स्की तयार असतात. वळवाची जात वेगळी आहे. त्याला वादळ हाच शब्द लावून तीन दिवसांत शिकवलेल्या मुलांना त्यात उतरवणारे लोक आता किनाऱ्याकिनाऱ्यावर दिसतात, आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. उडीची उंची विकता येते, वेळेवर उतरवलेली काइट विकता येत नाही.

आणि तरीही, राग फक्त त्यांच्यावर काढून चालणार नाही. हात भीतीने आवळतो हे नवख्यांपुरतं खरं आहे. आम्हा मुरलेल्यांचा हात मानापायी आवळतो. रिलीज ढकलला की काइट एका लाइनवर फडफडत पाण्यात पडते, बाकी लाइन्सचा गुंता होतो, आणि वाळूवर उभ्या लोकांना वाटतं, गडी हरला. मला सगळ्यांच्या शेवटी पाण्याबाहेर यायला आवडतं. आकाश काळवंडलेलं, बाकीचे काइट गुंडाळताहेत, मी एकटा लाटांवर आणि किनाऱ्यावरचे सगळे फोन माझ्याकडे वळलेले, याचं सुख मी भरपूर घेतलं आहे. माझ्या हातावर माझा विश्वास होता, आणि तो विश्वास लोकांनी पाहावा अशी हौसही होती. आता तो हात उशीर करतो, म्हणून डोंगर काळा दिसला की मी सर्वांत आधी काइट उतरवतो. लोक कारण विचारत नाहीत, तेही मला लागतं.

शिकवण्यात मात्र मी कडक झालो आहे. वाळूवर, बेसावध असताना, पोराचं हार्नेस मागून पकडून हिसका देतो. हात बारकडे गेला तर तो नापास, रिलीजकडे गेला तर पास. दर वेळी काइट कोसळते, लाइन्स सोडवाव्या लागतात, सगळं पुन्हा जोडावं लागतं. पैसे भरलेल्या माणसांना याचा वैताग येतो आणि काही जण पलीकडच्या शाळेत जातात. जाऊ देत. ज्याला सोडायचा कंटाळा आहे, त्याला मी पाण्यात उतरवणार नाही.